मिठवण्यातलं चिकन: मीठ तर पाणी ओढतं, मग मांस रसाळ कसं होतं?

माझा भाचा जिमला जायला लागला आणि आमच्या घरात चिकन ब्रेस्ट यायला लागलं. तोपर्यंत कोंबडी यायची ती रश्शासाठी, हाडांसकट, लहान तुकडे करून. हे बिनहाडाचं पांढरं मांस मी पहिल्यांदा केलं तेव्हा आलं-लसूण, मीठ, मिरपूड, लिंबू असं सगळं चोळून अर्धा तास ठेवलं आणि तव्यावर भाजलं. त्याने दोन घास खाल्ले, पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणाला, "मावशी, चव छान आहे गं, पण घशाखाली उतरत नाही."

मी एक तुकडा मधोमध कापून पाहिला. आत ओल म्हणून नव्हती, दोरे दोरे सुटत होते. आणि तव्यात मात्र मघापासून पांढरट पाणी चरचरत होतं. जे मांसात राहायला हवं होतं ते तव्यात उतरलं होतं.

हे पाणी मांसातच कसं धरून ठेवायचं, याचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: शिजवण्याआधी मांस काही वेळ मिठाच्या पाण्यात ठेवायचं. इंग्रजी पाककृतींत याला ब्रायनिंग म्हणतात. मिठाच्या पाण्याला आपल्याकडे मिठवणी असा नेमका शब्द आहे, तोच मी इथे वापरणार आहे. कृती दोन ओळींत संपते. पण ती का चालते हे कळलं नाही तर मीठ किती, वेळ किती, कुठल्या मांसाला करायचं आणि कुठल्याला नाही, यातलं काहीच धड ठरवता येत नाही. म्हणून आधी कारण सांगते.

कारण समजून घेताना पहिली अडचण आपल्याच स्वयंपाकघरातून येते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळी पातेल्यात खार जमलेला असतो. मिठात घातलेला बांगडा आकसून लाकडासारखा होतो. मीठ पाणी बाहेर ओढतं, हे आपण रोज बघतो. मग तेच मीठ कोंबडीच्या मांसात पाणी कसं राखेल?

पेंढी आणि तिचे बंध

कच्च्या मांसात वजनाच्या सुमारे 75 टक्के पाणी असतं आणि साधारण 20 टक्के प्रथिनं. म्हणजे मांस हे मुळात पाणीच आहे, प्रथिनांनी आकारात धरून ठेवलेलं. हे पाणी पिशवीत भरल्यासारखं नसतं. स्नायूच्या आत प्रथिनांचे अतिशय बारीक तंतू एकाशेजारी एक रचलेले असतात, आणि पाणी असतं त्या तंतूंच्या मधल्या फटींत. भाताची पेंढी डोळ्यांसमोर आणा. पेंढीतल्या काड्या म्हणजे मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे तंतू. काड्यांना जागच्या जागी धरणारे बंध म्हणजे आणखी काही प्रथिनं. पेंढी पाण्यात बुडवून वर काढली तर काड्यांच्या मधे जेवढं पाणी अडकून राहील, तसं हे पाणी.

आता आच लागते. 50 अंश सेल्सियसच्या आसपास मायोसिनची घडी मोडायला लागते, ते गोळा होतं आणि मधल्या फटी अरुंद होतात. 60 ते 65 अंशांच्या दरम्यान स्नायूंभोवतीचं कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं आवरण आखडतं आणि पेंढी बाहेरून आवळते. 70 च्या आसपास ॲक्टिनही आखडतं. प्रत्येक टप्प्यावर थोडं पाणी पिळून बाहेर पडतं. नीट शिजलेल्या मांसाचं वजन पाचव्या हिश्शाने तरी घटतं, आणि आच जास्त झाली की त्याहूनही पुष्कळ.

मीठ या पेंढीत शिरल्यावर दोन गोष्टी होतात. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. यातले क्लोराइडचे ऋणभारित कण प्रथिनांच्या तंतूंना चिकटतात. सगळ्या तंतूंवर सारखाच भार आला की ते एकमेकांना दूर लोटतात, जशी चुंबकांची सारखी टोकं लोटतात. काड्या फाकतात, फटी रुंद होतात आणि पाण्याला जागा मिळते. दुसरं म्हणजे, तंतूंना जागेवर जखडणारे बंध काही प्रमाणात विरघळतात, त्यामुळे फाकायला असलेला अडथळा कमी होतो. मायोसिनचाही काही भाग सुटा होऊन पाण्यात मिसळतो. पुढे आच लागल्यावर हे सुटं मायोसिन पाण्याला धरून जेलीसारखं गोठतं. घट्ट आवळून पाणी पिळायचं सोडून ते पाण्यासकट थिजतं.

हे विरघळलेलं मायोसिन बोटांना जाणवतं. सीक कबाबाचा खिमा बिनमिठाचा मळून पाहा, तो भुसभुशीत राहतो आणि सळईवर फुटतो. त्याच खिम्यात मीठ घालून पाच मिनिटं मळा. खिमा चिकट होतो, बोटांना धरतो, उलट्या हातालाही लोंबकळून राहतो. तो चिकटपणा म्हणजे तंतूंतून सुटलेलं प्रथिन. मिठवण्यात ठेवलेल्या अख्ख्या तुकड्यात तेच घडतं, फक्त फार हळू आणि न मळता.

जेराल्ड ऑफर आणि जॉन ट्रिनिक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. स्नायूतले तंतूंचे जुडगे मिठाच्या द्रावणात फुगतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. मला त्यातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते ती मिठाच्या प्रमाणाची. मीठ वाढवत गेलं की फुगवटा वाढत जातो, पण साधारण 5-6 टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे मीठ आणखी वाढवलं की गणित उलटतं: तंतू पुन्हा आकसायला लागतात आणि पाणी बाहेर पडतं.

कोड्याचं उत्तर इथे आहे. खारवलेला बांगडा आणि मिठवण्यातलं चिकन यांच्यात प्रथिनांचे तंतू तसेच, मीठही तेच, फक्त प्रमाण वेगळं. बांगड्याला मुठीमुठीने मीठ भरतात, कारण तिथे पाणी काढायचंच असतं, मासा पावसाळाभर टिकायला हवा असतो. चिकनला 5 टक्क्यांचं पाणी देतो, कारण तिथे पाणी ठेवायचं असतं. काकडी आणि कैरीचं प्रकरण आणखी वेगळं, कारण त्यांच्यात फाकणारे प्रथिनांचे तंतूच नाहीत. तिथे फक्त शाळेत शिकलेलं परासरण चालतं आणि पाणी खारट बाजूकडे ओढलं जातं. मिठवण्याचं कारण म्हणून परासरण सांगितलेलं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण नुसतं परासरण असतं तर 5 टक्के मिठाच्या पाण्यात मांस सुकलं असतं. ते फुगतं, वजनात भरतं, आणि त्याचं श्रेय तंतूंना आहे. वजनातली ही वाढ दहाव्या हिश्शापर्यंत जाऊ शकते. शिजताना जे जायचं ते थोडंफार जातंच, पण सुरुवात जास्तीच्या पाण्याने झालेली असते आणि गळतीही कमी होते. शेवटी ताटात येणारा फरक मोठा असतो.

मीठ-हळद लावून ठेवणं

यात नवं काय, आमच्याकडे मटणाला आणि कोंबडीला मीठ-हळद लावून ठेवतातच, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. माझी आईही आधी तेच करायची आणि मग वाटणाला बसायची. मीठ-हळद लावून ठेवणं म्हणजे कोरडं मिठवणीच आहे. फरक पडतो तो वेळेत.

कोरडं मीठ मांसावर पडलं की पहिली काही मिनिटं ते काकडीसारखंच वागतं. पृष्ठभागावर पाण्याचे मणी येतात. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि दाट मिठवणी तयार होतं. मग मीठ हळूहळू आत उतरतं, तंतू सैल होतात आणि बाहेर आलेलं पाणी परत आत शोषलं जातं. याला पाऊण तास तरी लागतो, जाड तुकड्याला काही तास. आपली ती सवयीची वीस-पंचवीस मिनिटं नेमकी मधली आहेत, म्हणजे पाणी बाहेर आलंय आणि अजून आत गेलेलं नाही. रश्शाला याने काही बिघडत नाही, सुटलेलं पाणी रश्शातच जातं. तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजायचं असेल तर मात्र ही वेळ सर्वांत वाईट. माझ्या पहिल्या चिकनचं हेच झालं होतं. भाजायच्या अगदी क्षणी मीठ घालावं, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधल्या वेळी नको.

मुरवण्याबद्दल आणखी एक समजूत आपल्याकडे घट्ट आहे: रात्रभर ठेवलं की मसाला आतपर्यंत मुरतो. मुरतं ते मीठ. मसाला फारसा नाही. खात्री करायची तर जाड तुकडा हळद-तिखटात रात्रभर ठेवा आणि सकाळी आडवा कापा. पिवळी-लाल कड दोन-तीन मिलिमीटरची, आत सगळं पांढरंच. आलं, लसूण, गरम मसाला यांतले सुवास देणारे रेणू मोठे असतात, बरेचसे तेलात विरघळणारे असतात, आणि पाण्याने भरलेल्या मांसात त्यांना वाट मिळत नाही. मिठाचे कण लहान, पाण्यात सहज फिरणारे, म्हणून ते तासातासाने पुढे सरकतात. आतला घास आपल्याला मुरलेला वाटतो कारण आतपर्यंत मीठ पोचलेलं असतं. म्हणून मिठवण्यात तमालपत्र, लवंगा, दालचिनी घालून पाणी उकळायचे सोपस्कार मी सोडून दिले आहेत. तो मसाला वर लावा, तिथे तो नाकाला तरी भेटतो.

लिंबाचंही सांगायला हवं. मांसाचा स्वभाव किंचित आम्ल असतो. त्यात थोडं आणखी आम्ल घातलं की तंतूंवरचे भार एकमेकांना फेडतात, लोटालोट थांबते आणि पाणी धरायची ताकद सर्वांत कमी होते. लिंबात तासन् तास ठेवलेलं चिकन वरून पांढरं, पिठूळ होतं ते आम्लाने प्रथिनं बदलल्यामुळे. लिंबू पिळायचं ते भाजून झाल्यावर. दही सौम्य असतं, त्याचं चालतं. तंदुरी चिकनला हॉटेलांत दोनदा मुरवतात, आधी मीठ आणि आलं-लसूण, मग दही आणि मसाला. घरीही हा क्रम फार चांगला आहे: आदल्या रात्री नुसतं मीठ, दुसऱ्या दिवशी दोन तास दही-मसाला. दह्यात मात्र पुन्हा चमचाभर मीठ घालू नका.

प्रमाण: चमचा नको, वजनकाटा हवा

ओलं मिठवणी असं: 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ. यात चिकन ब्रेस्टचे तुकडे एक ते दोन तास. हाडासकट लेग पीस दोन ते चार तास. अख्खी कोंबडी सहा ते आठ तास, मांस पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात. पोर्क चॉप दोन ते चार तास. सुरमई किंवा रावसाच्या जाड तुकड्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात, माशाचे तंतू आखूड आणि नाजूक असतात. साखर घालायची तर मिठाच्या निम्मी. तिने रंग चांगला येतो, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

50 ग्रॅम म्हणजे किती चमचे, हा प्रश्न येणारच. आपलं पुड्यातलं बारीक मीठ चहाच्या सपाट चमच्याला साधारण 6 ग्रॅम भरतं. म्हणजे आठ चमचे आणि वर थोडं. पण खडे मीठ घेतलंत तर त्याच चमच्यात कमी बसतं, कारण खड्यांच्या मधे हवा असते. सैंधव चालतं, तेही मुख्यतः तेच मीठ. पादेलोण चालत नाही, त्याचा गंधकाचा वास मांसाला लागतो. एवढे फरक असताना चमच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा वजनकाटा घ्यावा. पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा महाग नसतो आणि तो पोळ्यांच्या पिठापासून केकपर्यंत सगळीकडे लागतो.

अमेरिकन पाककृती बघून करणाऱ्यांना इथे एक सापळा आहे. त्यात 'एक कप कोशर सॉल्ट' असं लिहिलेलं असतं. ज्यू धर्मात, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या धर्मात, रक्त खाणं निषिद्ध आहे. त्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर जाडसर मिठात ठेवून मग नीट धुऊन घ्यायची रीत आहे. ज्यू धर्माला चालेल अशा अन्नाला कोशर म्हणतात, आणि मांस तसं करायच्या कामाचं जाड मीठ म्हणून ते कोशर सॉल्ट. अमेरिकेत डायमंड क्रिस्टल नावाचं जे कोशर मीठ मिळतं त्याचे कण पोकळ आणि हलके असतात. त्याचा एक कप साधारण 140 ग्रॅमचा. आपल्या बारीक मिठाचा तोच कप 290 ग्रॅमच्या आसपास जातो. कृती अक्षरशः पाळली तर दुप्पट खारट, आणि दोष मात्र जातो मिठवण्याला. तिकडे राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गोठवलेल्या टर्कीत आणि काही पाकीटबंद चिकनमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी सुईने भरलेलं असतं आणि ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. कोशर म्हणून विकली जाणारी कोंबडीही आधीच मिठात राहून आलेली असते. त्यांना पुन्हा मिठवण्यात घालायचं कारण नाही.

वेळेचं बंधन ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा हिशेब आहे आणि तो मला फार आवडतो. मांस आणि पाणी यांचं एकत्र वजन घ्या आणि त्याच्या सव्वा टक्का मीठ घाला. 1 किलो चिकन, 1 लिटर पाणी, मिळून 2000 ग्रॅम, म्हणून मीठ 25 ग्रॅम. रात्रभर राहू द्या. आतलं-बाहेरचं मीठ सारखं होत जातं, पण सव्वा टक्क्याच्या वर मांस जाऊच शकत नाही, कारण तेवढंच मीठ त्या भांड्यात आहे. सकाळी उठायला उशीर झाला तरी खारट होत नाही. 5 टक्क्यांच्या पाण्यात ब्रेस्ट रात्रभर विसरलात तर मात्र ते खारट तर होतंच, शिवाय चावायला हॅमसारखं दाट, रबरी लागतं.

आणि कोरडं मिठवणी: मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्का मीठ. अर्ध्या किलोला 6 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. सगळीकडून सारखं चोळायचं, जाळीवर किंवा ताटलीत पसरून फ्रीजमध्ये न झाकता ठेवायचं, सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे बाकीच्या अन्नावर काही गळणार नाही. चार तास ते एक रात्र.

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा कोरडंच करा. ओल्या मिठवण्यात मांसात शिरतं ते साधं पाणी, त्यामुळे रसाळपणा वाढतो पण कोंबडीची स्वतःची चव थोडी पातळ होते. शिवाय कातडी ओली राहते आणि कुरकुरीत होत नाही. कोरड्यात बाहेरचं पाणी आत जात नाही, असलेलंच टिकतं, चव दाट राहते आणि कोरड्या पृष्ठभागाला तव्यावर चटकन तांबूस रंग येतो. ओलं मिठवणी मी फक्त चिकन ब्रेस्टसाठी राखून ठेवलं आहे, कारण त्यात चरबी जवळजवळ नसते आणि त्याला मिळेल ती मदत हवी असते.

कोळंबीला मी एक वेगळा उपाय करते. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा लावून फ्रीजमध्ये वीस मिनिटं. सोडा लिंबाच्या बरोब्बर उलटं काम करतो, तंतूंवरचा भार वाढवतो. कोळंबी तव्यावर आवळून रबर होत नाही, दाताखाली टचकन फुटते. सोडा पाव चमच्याच्या पुढे नेऊ नका, साबणासारखी चव येते.

कुठे उपयोग नाही

गावठी कोंबडी, बोकडाचं मटण, पाया, मटणाच्या मांडीचे जाड तुकडे, यांचा चिवटपणा कोलॅजेनचा असतो. हालचाल करणाऱ्या, वयाने मोठ्या जनावरात ते जास्त असतं. कोलॅजेन मिठाने मऊ होत नाही. त्याला दमाने, पाण्याबरोबर, तास-दीड तास शिजवावं लागतं, तेव्हा ते विरघळून रश्शाला तो दाट, ओठांना चिकटणारा गुण देतं. तिथे कुकर किंवा मंद आच हाच उपाय. घाई असेल तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस, त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. रश्शाच्या मटणाला रात्रभर मिठवण्यात ठेवण्याने मिळत काहीच नाही, उलट रश्शाचं मीठ सांभाळताना तारांबळ होते. मिठवणी आहे ते कमी चरबीच्या, कमी कोलॅजेनच्या, कोरड्या आचेवर पटकन व्हायच्या मांसासाठी: तवा, ओव्हन, एअर फ्रायर, कोळशाची शेगडी.

आपल्याकडच्या कोंबडीची आणखी एक गोष्ट आहे. दुकानात ती डोळ्यांदेखत कापून देतात आणि आपण घरी येऊन तासाभरात चढवतो. ताजी म्हणून आपल्याला समाधान असतं. पण जनावर मेल्यावर स्नायूंतली ऊर्जा संपते, मायोसिन आणि ॲक्टिन एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठरतं. कोंबडीत हा ताठरपणा सैल व्हायला चार-सहा तास लागतात, बकऱ्याच्या मांसात दिवसभर तरी. मधेच शिजवलं की मांस चिवट लागतं, त्यात मिठाचा दोष नसतो. म्हणून सकाळी आणलेली कोंबडी मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी करा. ताठरपणाही उतरतो आणि मीठही मुरतं, दोन्ही एकाच वेळात.

फ्रीज, भांडं आणि आच

5 टक्के मीठ जंतूंना मारत नाही. एवढ्या मिठात रोगजंतू आरामात जगतात. 5 ते 60 अंश सेल्सियस हा त्यांच्या वाढीचा पट्टा, आणि नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं पातेलं नेमकं त्याच्या मधोमध असतं. म्हणून मिठवणी नेहमी फ्रीजमध्येच. मीठ विरघळवायला वाटीभर गरम पाणी घ्या, मग उरलेलं गार पाणी आणि बर्फ घालून पूर्ण थंड झाल्यावरच मांस सोडा. कोमट पाण्यात नाही.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात किंवा बिनकल्हईच्या पितळेत खारट पाणी तासन् तास ठेवू नका, धातू उतरतो. वापरलेलं मिठवणी ओतून द्यायचं. दुसऱ्या वेळेला ठेवायचं नाही आणि रश्शात घालायचं नाही, त्यात कच्च्या कोंबडीचा अंश असतो.

बाहेर काढलेलं मांस धुवायची गरज नाही. नळाखाली धुतलं तर शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात. टिश्यूने किंवा स्वच्छ फडक्याने दाबून टिपून घ्या, अगदी कोरडं होईपर्यंत, आणि फडकं लगेच गरम पाण्यात धुवायला टाका. ओला तुकडा तव्यावर पडला की आधी त्यावरचं पाणी वाफ व्हायला लागतं आणि तेवढा वेळ रंग येत नाही.

आच किती, हे बोटाने दाबून सांगणाऱ्या सुगरणी आहेत, मी त्यांतली नाही. मी सळईचा थर्मामीटर वापरते. सर्वांत जाड भागात 74 अंश आले की कोंबडी खायला सुरक्षित असते आणि मी तिथेच थांबते. मिठवणी इथे खरं उपयोगी पडतं. साधं चिकन 74 वरून 80 ला गेलं की संपलं, मिठवण्यातलं चिकन ती चूक पुष्कळ सोसतं. भाजून झाल्यावर पाच मिनिटं ताटलीत राहू द्या आणि मग कापा.

मिठाचा हिशेब जेवणाच्या ताटापर्यंत न्यायला विसरू नका. 250 ग्रॅम मांसाला सव्वा टक्का म्हणजे 3 ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणून मिठवण्यातल्या मांसाच्या मसाल्यात मीठ घालायचं नाही, सॉस खारट असेल तर टाळायचा. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर त्यांचा तुकडा वेगळा काढा, त्याला मीठ नुसतं वरून, भाजताना.

भाचा आता शनिवारी रात्री स्वतःच ब्रेस्टचे तुकडे काट्यावर ठेवतो आणि सव्वा टक्क्याच्या हिशेबाने मिठवणी करून फ्रीजमध्ये ठेवतो. रविवारी भाजतो, त्यातलं निम्मं सोमवारच्या डब्यासाठी. मिठवण्यातलं चिकन गार झालं तरी कोरडं पडत नाही. तो पातळ काप करतो, कांदा-टोमॅटो आणि पिळलेलं लिंबू घालतो. परवा डबा भरताना एक काप बोटांत दाबून मला दाखवला, आतून पाणी चमकलं.